शनीची तबकडी

मी एका सरळ, विद्वान माणसाला सांगितलं की तुमची स्मरणशक्ती तुम्हाला सोडून चालली आहे. ते खोटं होतं आणि खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. पुष्कळ वर्षं मी त्या खोट्याला मनातल्या मनात चूक म्हणत राहिलो. चूक म्हणजे बेरजेत हातचा राहून जाणं. मी केलं ते तसं नव्हतं. पण सुरुवात मात्र एका चुकीनंच झाली, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाच्या हातून ती तर मुळीच व्हायला नको होती.

औरंगाबादेतल्या सरकारी शाळेत मी गणिताचा दुय्यम शिक्षक होतो. वरच्या वर्गांना मास्टरसाहेब शिकवीत. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. शाळेत सगळं उर्दूतून चाले. मास्टरसाहेब पैठणकडचे असल्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलत, फक्त मधूनमधून त्यांची जबान डोकं वर काढी. माझ्या घराण्यात पंचांग पाहण्याचा धंदा होता, त्यामुळे त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पंडत म्हणत. “काय पंडत, आज चंद्र कुणाच्या घरी मेहमान आहे?” असं भर वर्गात विचारीत, आणि मुलं हसली की म्हणत, “हसू नका. ह्याच्या आजोबांनी बोटांवर ग्रहण काढलं असतं, तुम्हाला कागदावर त्रैराशिक निघत नाही.”

छावणीतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बायकोला ते उर्दू शिकवायला जात. त्या साहेबाची बदली झाली तेव्हा मडमेनं जाताना आपला चावीचा फोनो त्यांना दिला आणि सोबत जाड पुठ्ठ्याचं एक मोठं बाड दिलं. ते पुस्तकासारखं उघडे. आत पानांच्या जागी कागदी खण होते आणि प्रत्येक खणात एक काळी तबकडी. सात खण, सात ग्रह. कुणा इंग्रज संगीतकारानं एकेका ग्रहासाठी मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत रचलं होतं, ते ह्या तबकड्यांत होतं. आधी मंगळ, मग शुक्र, बुध, गुरू, शनी, हर्षल आणि शेवटी नेपच्यून. प्रत्येक तबकडीच्या दोन बाजू, म्हणजे प्रत्येक ग्रह मधोमध थांबायचा आणि उलटावा लागायचा.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. जुम्म्याची नमाज आटोपून मास्टरसाहेब बेगमपुऱ्यातल्या आपल्या घरी परतले की मी जाऊन बसायचो. पुढं त्यात तिसरा मिळाला. नवाबपुऱ्यातला एक हिमरू विणणारा कारागीर मास्टरसाहेबांच्या शेरवानीचं कापड पोचवायला आला होता. आत मंगळ लागला होता. तो उंबऱ्यातच उभा राहिला, कापड काखेत, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर आपटीत. तबकडी संपल्यावर म्हणाला, “मास्टरसाब, ही फौज लंगडी हाय.”

“लंगडी? कशावरून?”

“फौज दोन पायांवर चालती. ही पाचावर चाललीय. एक दो तीन चार पाँच, एक दो तीन चार पाँच. कुणाचा तरी एक पाय जास्तीचा हाय बघा.”

मास्टरसाहेबांनी तबकडी पुन्हा लावली. आम्ही बोटांवर मोजलं. खरोखर पाचाचा ठेका होता. मी गणिताचा माणूस, कितीतरी शुक्रवार ते ऐकत होतो, मला तो सापडला नव्हता. मास्टरसाहेब मला म्हणाले, “पंडत, कान धरा आणि उठाबशा काढा,” आणि विणकराला म्हणाले, “तू बस.” त्या दिवसापासून खिडकीखालची जागा त्याची.

विलायती संगीत आम्हा तिघांनाही कळत नव्हतं. वाद्यांची नावं ठाऊक नव्हती. हे सनईच्या नात्यातलं, हे सारंगीच्या, एवढंच आम्ही म्हणू शकायचो. पण ते संगीत ऐकल्यावाचून आठवडा पुरा झाल्यासारखा वाटत नसे. विणकरानं प्रत्येक ग्रहाला आपल्या मागावरचं नाव दिलं होतं. शुक्र म्हणजे रेशीम. बुध म्हणजे धोटा, इकडून तिकडं पळतो म्हणून. मास्टरसाहेब प्रत्येक तबकडीआधी उभे राहून वर्गात सांगावं तसं सांगत. मंगळाला आम्ही मिर्रीख म्हणतो, गुरूला मुश्तरी. सूर्यापासून इतका दूर, एक फेरी इतक्या दिवसांची. मग नवी सुई बसवत, चावी भरत आणि बसत. तबकडी उलटताना कुणी बोलायचं नाही हा नियम होता. नेपच्यूनच्या शेवटी बायकांचे आवाज येत, शब्दांवाचून, आणि ते लांब जात जात इतके बारीक होत की आवाज कुठं संपला आणि सुईची खरखर कुठं उरली ते कळत नसे. “गेल्या” असं जो आधी म्हणेल तो हरला. बहुतेक वेळा मीच हरायचो.

गुरू झाला की चहा. शनीच्या आधी कपबशा आत जायच्या, कारण शनी चालू असताना चमच्याचाही आवाज मास्टरसाहेबांना खपत नसे.

सगळ्यांत जास्त जीव त्यांचा शनीवर. जुहल म्हणत ते त्याला. त्याची एक फेरी म्हणजे आपली साडेएकोणतीस वर्षं. “त्याच्या हिशेबानं मला अजून दुसरं वर्ष पुरं व्हायचंय,” असं दर वेळी म्हणत आणि दर वेळी आम्ही हसत असू. मग ते डोळे मिटून घेत. सुरुवातीला दोनच सूर आळीपाळीनं येत, म्हातारा एक पाऊल टाकतो, थांबतो, दुसरं टाकतो तसे. दुसऱ्या बाजूला घंटा सुरू होत आणि सगळं घाबरल्यासारखं घाईला येई. मग ती घाबरगुंडी हळूहळू खाली बसे आणि शेवटी नुसती शांतता उरे. पण भीतीतून गेलेली शांतता.

एका शुक्रवारी विणकर गेल्यावर ते मला म्हणाले, “पंडत, हे माझे वालिद आहेत. अगदी असेच चालत. शेवटची तीन वर्षं त्यांना मी कोण ते कळत नव्हतं. मला ते त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारायचे आणि लहानपणी चोरलेल्या पतंगाबद्दल माझ्यावर रागवायचे.” मग म्हणाले, “मला मौतीची भीती नाही. ह्याची आहे. आजकाल मुलांची नावं जिभेवर येत नाहीत.”

“नावं माझ्याही जिभेवर येत नाहीत,” मी म्हणालो. “शंभर मुलं आहेत.”

“ऐक तर. माझी बेटी मला कधी सांगणार नाही, तिची मोहब्बत आडवी येईल. हा विणकर सांगणार नाही, तो भला माणूस आहे. तू माझा शागिर्द. मी चुकलो की वर्गात हात वर करून तूच सांगायचास. ज्या दिवशी मी विसरायला लागेन त्या दिवशी मला तोंडावर सांग. वादा कर.”

मी वचन दिलं.

तीर महिन्यात, म्हणजे आपल्या वैशाखात, शाळेला सुट्ट्या लागल्या. मास्टरसाहेब दोन महिन्यांसाठी लेकीकडे हैदराबादेस निघाले. त्यांच्या घरावर पत्रे होते. बंद घरातल्या उन्हानं तबकड्या पापडासारख्या वाकतात हे त्यांना मडमेनं बजावून सांगितलं होतं. माझ्या गुलमंडीजवळच्या घराला तळघर आहे, तिथं उन्हाळ्यातही गारवा असतो. म्हणून बाड माझ्याकडं ठेवायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्यासमोर एकेक खण उघडून हजेरी घेतली. ते नाव घेत आणि विणकर त्या ग्रहाच्या वतीनं, शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहून, “हाजिर” म्हणे. सातही हाजिर निघाले. मग विणकरानं बाड गोधडीत गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. सकाळी मास्टरसाहेबांचा टांगा स्टेशनाकडं गेल्यावर आम्ही दोघांनी ते माझ्या तळघरात आणून ठेवलं. सुतळी मी नंतर सोडली, उगीच, एकदा बघावं म्हणून.

पंधराएक दिवसांनी माझी बायको तापानं पडली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. म्हणाले, एकवीस दिवस हा ताप चालतो, एकविसाव्या दिवसाकडे नजर ठेवा. तिला तळघरातल्या गारव्यातच बाज टाकून ठेवलं होतं. पहिला आठवडा तिला शुद्ध होती, दुसऱ्यात ती असंबद्ध बोलू लागली. आमची तीन वर्षांची मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून असे. खाली यायला तिला मनाई होती.

निरोप कळताच देवगाव रंगारीहून माझे सासरे बैलगाडीनं आले. ते गावचे जोशी. लेकीच्या बाजेशेजारी बसल्या बसल्या त्यांना कोनाड्यातलं ते बाड दिसलं.

“जावईबापू, हे काय म्हणावं? चोपडी हाय का?”

मी उघडून दाखवलं, ग्रहांची नावं वाचली. त्या काळजीतही त्यांना गंमत वाटली. “सातच? अन् राहू-केतू कुठं गेले?”

“इंग्रजांच्या हिशेबात राहू-केतू नसतात, मामा.”

“तरीच राज्य करू लागलेत!” ते म्हणाले आणि लेकीच्या कपाळावरची घडी बदलू लागले. मग बऱ्याच वेळानं, बाडाकडं न बघता म्हणाले, “पोरीला साडेसाती चालू हाय. मधली अडीचकी. शनवारी दान द्या. तेल, उडीद, लोखंडाचा तुकडा, काळं कापड. आपल्याकडून व्हईल ते करायचं, बाकी डाक्टर हायच की.”

एवढंच ते म्हणाले. तबकडीचा शब्दही त्यांनी काढला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं अनेक वर्षं मी मनात त्यांनाच पुढं करीत होतो.

तो शनिवार तापाचा एकोणिसावा दिवस होता. पहाटेपासून ती डोळे उघडत नव्हती. हाक मारली तर पापणी हलायची, बस. दुपारी दर शनिवारी येणारा तेल मागणारा गल्लीत आला, हातात तेलानं भरलेलं भांडं आणि त्यात शनीची लोखंडी मूर्ती. मी उडीद काढले, तेल काढलं, खिळा काढला, जुन्या छत्रीचं काळं कापड फाडलं. दान घेऊन जिना चढायला लागलो आणि परत फिरलो. मला वाटलं, खरा शनी तर खाली कोनाड्यात आहे. तिच्या उशाशी. तो मी घरात आणला, हौसेनं, गोधडीत गुंडाळून आणला. मी पाचवा खण उघडला, तबकडी काढली, काळ्या कापडात ठेवली आणि सगळं एकत्र त्या माणसाच्या झोळीत घातलं. त्यानं बाहेरून चाचपलं, मला वाटतं ताटली समजला, आणि पुढच्या दारी गेला.

ज्या हातानं मी फळ्यावर शनीची कडी काढून मुलांना त्यांची जाडी समजावीत होतो, त्याच हातानं मी हे केलं. मी अडाणी नव्हतो. त्या घटकेला मला हिशेब नको होता, ती हवी होती.

सोमवारी, म्हणजे एकविसाव्या दिवशी, ताप उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच दिवशी. सासऱ्यांनी बाडातला रिकामा खण पाहिला आणि मला विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. “अहो, दान आपल्या वस्तूचं असतंय. लोकाच्या वस्तूचं कसलं दान? जाऊन त्या मानसाला सांगून टाका, लगेच.”

मी सांगणार होतो. मास्टरसाहेब येईपर्यंत रोज वाक्यं जुळवीत होतो. पुढच्या शनिवारी त्या तेल मागणाऱ्यालाही गाठलं. तो म्हणाला, ताटली फुटली, तुकडे नदीत टाकले. नवी मागवावी तर लढाई सुरू झालेली, विलायतेहून असला माल येणं बंद. मुंबईच्या दुकानानं तसं उत्तर पाठवलं.

मास्टरसाहेब आले. विणकर त्या आठवड्यात कन्नडला बहिणीच्या घरच्या लग्नाला गेला होता, म्हणून आम्ही दोघंच. मी बाड नेऊन दिलं. त्यांनी आधी बायकोची चौकशी केली, अल्लाचे आभार मानले. मग मंगळ, शुक्र, बुध, गुरू झाले. दर वेळी मला वाटे, आता सांगावं, आणि दर वेळी ते नवी सुई बसवून डोळे मिटत. चहा झाला. कपबशा आत गेल्या. त्यांनी पाचव्या खणात हात घातला.

हात आतच राहिला. दोन-तीनदा त्यांनी बोटं फिरवली. मग माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर कदाचित मी कबूल झालो असतो. ती नजर पोराची होती, वर्गात उत्तर न सुचलेल्या पोराची.

“पंडत, जुहल?”

आणि मी म्हणालो, “ती तुम्ही बरोबर नेलीत ना. लेकीला ऐकवायची म्हणून.”

“मी?”

“निघायच्या सकाळी. टांगा दारात होता. तुम्ही गोधडी सोडलीत आणि काढून घेतलीत. मी होतो.”

कुठून सुचलं ते मला आजही सांगता येत नाही. इतकं नेटकं सुचलं की त्यात टांगासुद्धा होता. मग त्यांनी फोनोचं झाकण लावलं, माझ्यासमोर येऊन बसले आणि माझा हात हातात घेतला.

“तू वादा पुरा केलास,” ते म्हणाले. “मला काहीच आठवत नाही. पण तू खोटं बोलणार नाहीस.”

पुढच्या काही महिन्यांत जे झालं ते मी जवळून पाहिलं. त्यांनी हैदराबादेस पत्रं धाडून लेकीला घर धुंडाळायला लावलं. स्वतःच्या घरातली प्रत्येक पेटी उपसली. वर्गात फळ्यावर रीत मांडताना मधेच थांबून ते पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारू लागले, “बरोबर आहे ना?” बरोबरच असे. मी शेजारच्या वर्गातून ऐकत असे, बरोबरच असे. पण विचारणारा मास्तर पोरांना कळतो. ती चुकीचं उत्तर सांगून मजा बघू लागली, आणि मास्टरसाहेब पोरांचं खरं मानून आपलं बरोबर उत्तर पुसू लागले. त्या वर्षअखेर त्यांनी स्वतः अर्ज देऊन शाळा सोडली. शुक्रवारची बैठक त्याआधीच बंद झाली होती. त्यांना तबकड्यांना हात लावायची भीती वाटे.

विणकर एका दुपारी माझ्या दारात आला. आत आला नाही.

“गाठ माझी होती, भाई,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तुमच्या तळघरात आपण दोघांनी उतरवलं तवा माझीच गाठ होती. तीस साल गाठी मारतोय, मला माझी गाठ वळखू येत न्हाई व्हय? ती रातीतून कुणी सोडली नव्हती.”

मी त्याला आत यायला सांगितलं. तो दारातच उभा राहिला.

“मी मास्टरसाबला बोललो हे. काय म्हणाले ठाव हाय? म्हणाले, तू माझं मन राखायला बोलतोस. पंडतनं मला खरं सांगितलं.” मग तो म्हणाला, “मी बोललो तर प्यार, तुम्ही बोलला तर सच. आता तुमचं तुम्ही बघा.” त्यानंतर तो मला रस्त्यात भेटला तरी सलाम करीत नसे.

हे बोलणं आतून बायकोनं ऐकलं. तोवर तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. ती रागवेल असं वाटलं होतं. ती बाजूला बसली आणि म्हणाली, “अहो, मी औषधानं बरी झाले का दानानं, ते मला ठाऊक नाही. पण त्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं देऊन मला बरं व्हायचं नव्हतं. तुम्ही जा आणि सांगून या.”

मी गेलो नाही. उद्या जाऊ, असं म्हणत राहिलो. तेवढ्यात मास्टरसाहेबांची लेक येऊन त्यांना कायमची हैदराबादेस घेऊन गेली. एकटं राहणं आता ठीक नाही, असं त्यांचंच म्हणणं पडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं.

मी खोटं बोललो त्या शुक्रवाराला चार वर्षं झाली. मग त्यांचं पत्र आलं. अक्षर पूर्वीसारखंच, ओळी आखल्यासारख्या सरळ. लिहिलं होतं: लेक, जावई, डॉक्टर सगळे मला समजावतात की तुम्हाला काही झालेलं नाही. माझं मन राखतात. सगळ्यांत एकटा तूच तोंडावर खरं बोललास. म्हणून उरलेले सहा ग्रह मी तुझ्या नावे ठेवले आहेत, येऊन घेऊन जा, मी विसरण्याआधी.

पत्र वाचून मी ते बायकोच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि माझी पिशवी भरायला घेतली.

हैदराबादेत काचीगुडा स्टेशनला उतरून मी सकाळी त्यांच्या लेकीच्या घरी पोचलो. ते ओसरीवर बसले होते. वाळले होते, पण दाढी नीट राखलेली, कपडे स्वच्छ. मला लांबूनच ओळखलं. “या पंडत. बहू कशी आहे? मुलगी आता सात वर्षांची असेल.” मुलगी साताचीच होती. तेवढ्यात त्यांना शेजारच्या मशिदीत जायचं होतं, तर लेकीनं नोकराला हाक मारून त्यांचा हात धरायला लावला. नोकर येण्याआधी ते उठलेही नाहीत. दहा वर्षांची नात पाटी घेऊन बसली होती. तिचं गणित अडलं होतं आणि ती ते घेऊन आत आईकडं गेली. आजोबांकडं गेली नाही.

ते मशिदीतून परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. शनिवार, काळं कापड, झोळी, टांगा. पायाकडं बघून सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, “तापाचा कितवा दिवस होता?”

“एकोणिसावा.”

“म्हणजे दोन दिवस थांबला असतास तर,” ते म्हणाले आणि वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “तो मैं ठीक था.” आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, “पंडत, चार वर्षं मी ठीक होतो. ही पोरगी दर संध्याकाळी पाटी घेऊन यायची. मी तिला हाकलून दिलं. चुकीचं शिकवीन म्हणून. आता ती येत नाही.”

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नव्हे. “मला नको सांगू,” ते म्हणाले. “मला आता तुझं ऐकून काय ठरवावं तेच समजत नाही. मागच्या वेळीही मी तुझंच ऐकलं होतं. त्यांना सांग. ह्या घरात माझा हात धरतात, चाव्या माझ्याकडं देत नाहीत. त्यांच्यासमोर बोल.”

त्यांनी लेकीला आणि नातीला हाक मारली. लेकीला मराठी येत होतं, नातीला नव्हतं. म्हणून मी त्या पोरीला कळेल अशा सोप्या उर्दूत बोललो. दोनदा मला पहिल्यापासून सुरू करावं लागलं. मी काय म्हणालो ते इथं मराठीत लिहितो.

मी म्हणालो, “तुमचे आजोबा काहीही विसरले नव्हते. त्यांची तबकडी मी त्यांना न विचारता देऊन टाकली, आणि ती त्यांनीच नेली होती असं त्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून स्वतःवरचा विश्वास सोडला. त्यांचं डोकं तेव्हाही ठीक होतं, आजही ठीक आहे. तुमची चार वर्षं मी घेतली आणि ती मला परत देता येत नाहीत. मास्टरसाहेब, मी गुन्हेगार आहे. मला माफ करा.”